गंगेच्या ओटीतला नारळ

देवासमोर हात जोडताना डोळे मिटायचं मी कित्येक वर्षांपूर्वीच सोडून दिलं होतं. हात जोडायचे, आरतीला टाळ्या वाजवायच्या, प्रसादही घ्यायचा, पण डोळे मात्र उघडे, आणि तेसुद्धा देवावर नव्हे, लेकीवर. अनघा लहान असताना तापानं फणफणली आणि त्या तापातच तिचं ऐकणं गेलं. ती बरी झाल्यावर नवस फेडायला आम्ही गंगाखेडच्या घाटावर गेलो होतो. आरती सुरू झाली, मी डोळे मिटले. उघडून बघते तर शेजारी अनघा नाही. कुणाला हाक मारणार? हाक ऐकणारं लेकरू असतं तर गोष्ट वेगळी. शेवटी ती सापडली घाटाच्या अगदी खालच्या पायरीवर, पाण्यात पाय सोडून, गंगेशी खेळत बसलेली. पाणी तिच्या घोट्यापर्यंतच होतं, पण माझ्या काळजात जे पाणी शिरलं ते तेव्हापासून कधी ओसरलं नाही. त्या दिवसापासून मी कुठल्याच देवासमोर डोळे मिटले नाहीत.

खरं सांगायचं तर देवावर माझा रागच होता. नास्तिक मी कधी झाले नाही, तेवढी हिंमत माझ्यात नाही. पण रुसलेल्या भावजयीसारखं माझं चाले, घरात वावरायचं पण बोलायचं नाही. दवाखान्याच्या बाकड्यावर बसून मी रात्रंदिवस ज्याला हाका मारल्या, त्यालाच ऐकू येत नसावं अशी माझी समजूत झाली होती. माझं सासर गंगेच्या काठचंच, वरच्या अंगाला. आमच्याकडे गोदावरीला गोदावरी कुणी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. उन्हाळ्यात पात्र कोरडं पडतं, आणि मग बंधाऱ्यातून पाणी सोडलं की "गंगा आली, गंगा आली" म्हणत गावातल्या बाया ओटी घेऊन काठावर जातात. माहेरवाशीण दारात आल्यासारखी तिची ओटी भरतात. नारळ, खण, मूठभर गहू, हळदकुंकू असं सगळं पाण्यात सोडतात. माझ्या सासूबाई, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो, दरवर्षी मला बोलावायच्या. अनघाच्या दुखण्यानंतर मी जाणं बंद केलं. गंगेनं माझ्या लेकीचं ऐकणं काढून घेतलं, आता मी तिची ओटी कशाला भरू, असं मी एकदा तोंडावरच म्हणाले होते. पुढच्या वर्षी आत्याबाई एकट्याच गेल्या.

अनघा मोठी झाली ती माझ्या भीतीला अजिबात भीक न घालता. कानातल्या मशीनमुळे तिला थोडंफार ऐकू येतं, ओठांवरून बोलणं कळतं, आणि ती स्वतः जे बोलते ते घरच्यांना सगळं समजतं. पण मशीनपेक्षा तिचा भरवसा डोळ्यांवर जास्त. त्या डोळ्यांना कॉलेजात असताना पक्ष्यांचं वेड लागलं. परभणीत आमच्या गच्चीवर बसून ती घारी बघायची, मग सायकल काढून तळ्यावर जायची, मग आणखी लांब. मी ब्लाऊज शिवते, घरीच माझं मशीन आहे. ती सायकलवर बाहेर पडली की माझी शिवण वाकडी जायची. एखादीच्या बाहीला दोनदा उसवण झाली की गिऱ्हाईक बाई ओळखायची, "पोरगी बाहेर गेली वाटतं."

तिला खरं म्हणजे समुद्र बघायचा होता. समुद्रावर सुरय नावाचे पक्षी असतात, वाळूत अंडी घालतात, ते तिला बघायचे होते. माझा धाकटा भाऊ सुधाकर गंगाखेडला राहतो, त्यालाही सायकलचं वेड. तो तिला म्हणाला, "समुद्र कशाला पाहिजे? सुरय आपल्या गंगेवर बी येतेत. चैतात पाणी आटलं की वाळूच्या बेटावर अंडी घालतेत. शनिवारी सायकली काढू, काठावर तंबू ठोकू, रविवारी दुपारी घरी." झालं, दोघांचं ठरलं. मी म्हणाले, मीही येणार. सुधाकर हसायलाच लागला. "ताई, तू कशाला यायलीस? तुला सायकल चालवून जमाना झाला." मी त्याला सांगितलं की मला सायकलवरून पडायची भीती वाटते, पण घरी बसून वाट बघायची त्याहून जास्त वाटते. मग त्यानं तिसऱ्या सायकलीची सोय केली.

सायकली टेम्पोत टाकून आम्ही गंगाखेडपर्यंत गेलो आणि तिथून पुढं नदीकाठच्या रस्त्यानं निघालो. पुढं सुधाकर, मध्ये अनघा, मागं भावजयीच्या लेडीज सायकलवर मी. मागून ट्रक आला की मी ओरडायचे, "अनघाऽ, बाजूला!" आणि मग लक्षात यायचं की ओरडून उपयोग नाही. तिच्या हँडलला आरसा लावलेला आहे. ती त्यात ट्रक बघायची, शांतपणे कडेला व्हायची, आणि आरशातूनच माझा घाबरलेला चेहरा बघून हसायची. रस्ता संपून पाणंद लागली तेव्हा माझे गुडघे बोलायला लागले होते, पण ट्रक संपले या आनंदात मी देवाचे आभार मानले नाहीत एवढंच.

नदी समोर आली तेव्हा ऊन उतरत होतं. पात्र केवढं तरी रुंद, आणि त्यात पाणी म्हणजे पलीकडच्या काठाला एक बारीकशी वाहती धार. मध्ये वाळूचं मोठं बेट. आणि बेट आणि आमचा काठ यांच्यामध्ये एक साचलेली पट्टी, घोट्याएवढ्या पाण्याची, वरून शेवाळ धरलेली. ते पाणी कुठून येत नव्हतं, कुठं जात नव्हतं. मी चारचारदा विचारलं, पाणी वाढणार नाही ना? सुधाकर म्हणाला, "चैतात गंगेला पाणी कुठून येतंय ताई? प्यायला मिळंना झालंय." काठावर टरबुजाची वाडी होती. ती राखणारी गयाबाई नावाची बाई आम्हाला बघून पुढं आली. नऊवारीचा काचा मारलेली, माझ्याच वयाची. तंबू बघून तिला भारी नवल वाटलं. "घरदार सोडून वाळूत निजायला आलाव? काय हरवलंय इथं?" तिनं एक टरबूज फोडून दिलं, अनघाच्या कानातल्या मशीनकडे बघितलं, आणि दिवस बुडता बुडता गावाकडे निघून गेली. ती रात्र मी कशी काढली ते विचारू नका. कोल्हे ओरडले की मी उठून लेकीच्या तंबूची चेन तपासून यायचे. तिला बिचारीला कोल्हे ऐकूच येत नव्हते, ती गाढ झोपली होती.

सकाळी उजाडल्याबरोबर अनघा बेटावर जायला निघाली. वाळूनं आणि दमट हवेनं मशीन बिघडतं, म्हणून तिनं ते काढून डबीत घालून माझ्या हातात दिलं, ती डबी मी सायकलच्या पिशवीत ठेवली. मी तिचा दंड धरला. तिनं हातानंच विचारलं, काय झालं? मी दंड सोडला. कॅमेऱ्याची पिशवी घेऊन घोट्याएवढ्या पाण्यातून ती पलीकडे गेली, बेटावर चार पावलं आत जाऊन पालथी पडली, अंगावर मातकट चादर ओढून घेतली आणि डोळ्याला दुर्बीण लावली. तिची पाठ माझ्याकडे होती. तिच्या पुढ्यात वाळूवर पक्षी बसले होते, काळ्या टोपीचे, पिवळ्या चोचीचे. त्यांना घरटं नाही, काडी नाही, उघड्या वाळूत खळगा करून त्यावर बसलेले. सुधाकर दूध आणायला सायकलवरून गावात गेला. मी एकटी काठावर, समोर लेकीची पाठ. तिची पाठ बघत बसण्याचा मला तसा आयुष्यभराचा सराव आहे.

तोंड धुवावं म्हणून मी त्या साचलेल्या पाण्यापाशी वाकले. ओंजळ भरायला हात घातला तर हाताला काहीतरी लागलं. उचलून बघते तर नारळ. नारळाच्या खाली हिरवा खण, शेवाळातून सरकत सरकत येऊन माझ्या मनगटाला टेकलेला. माझं कापडातच आयुष्य गेलं, ओटीचा खण मला अंधारातही कळेल. दुकानात ओटीसाठी म्हणून जो वेगळा गठ्ठा ठेवतात त्यातला, काठाला पिवळी रेघ असलेला. घडी अजून मोडलेली नव्हती आणि घडीच्या आतलं कापड पुरतं भिजलेलं नव्हतं. नारळाच्या शेंडीला गव्हाचे दोन दाणे चिकटलेले, कुंकू ओलं पण पुसलेलं नाही. पहिल्यांदा मला रागच आला. सकाळी सकाळी या गंगेनं मला इथंही गाठलं, असं वाटलं. मग वाटलं, आज ना सण ना वार, कुणी भरली असेल ओटी? आणि मग एकदम लक्षात आलं. सण नसताना गंगेची ओटी एकाच दिवशी भरतात, गंगा येते त्या दिवशी. आणि हा नारळ या मेलेल्या पाण्यात चालत आला होता. रात्रभर जे पाणी हललं नव्हतं ते हलत होतं. मी पायाकडे बघितलं. ज्या दगडावर चप्पल काढून ठेवली होती तो दगड दिसत नव्हता, आणि चपलाही.

त्यानंतर मी ओरडत सुटले. "अनघाऽ, अनघाऽ!" काठानं पळत, हात हलवत, पदर हलवत. ती हलली नाही. कशी हलणार? घरी आम्ही तिला हाक मारायची तर जमिनीवर पाय आपटतो, तिला फरशीतून कळतं. मी वेड्यासारखी वाळूवर पाय आपटले. वाळूत पाय नुसते रुतत होते. तोवर पाणी पिंढरीला आलं, आवाज न करता, आणि वरच्या वळणाकडून मात्र सूं सूं असा आवाज सुरू झाला. मला पोहता येत नाही. मला न्हाणीघरातल्या हौदाचीही भीती वाटते. घाटावरच्या त्या दिवशी पाणी तिच्या घोट्याशी होतं; आता ते तिच्या चारी बाजूंनी येत होतं आणि तिला पक्ष्यांशिवाय काही दिसत नव्हतं. त्या क्षणी मी देवाला काही म्हणाले की नाही, आठवत नाही. म्हणाले असेन तर ते काही स्तोत्र नव्हतं.

हातात अजून तो नारळ होता. गंगेला वाहिलेलं परत घेऊ नये असं आत्याबाई सांगायच्या, त्याला हातही लावू नये. मी तो घट्ट धरून पळत होते, हेही माझ्या लक्षात नव्हतं. लक्षात आलं तेव्हा मी तो फेकला. सगळा जीव एकवटून, डोळे उघडे ठेवून, लेकीच्या दिशेनं. माझ्या नेमाबद्दल घरात सगळे हसतात. फेकलेली किल्ली मी कधी कुणाच्या हातात पोचवलेली नाही, ती नेहमी गटारीत जाते. तो नारळ पाण्यावरून गेला, बेटाच्या ओल्या कडेवर आपटला, एक उसळी खाल्ली आणि गडगडत जाऊन अनघाच्या पायाच्या तळव्याला लागला.

तिनं वळून बघितलं. आधी नारळाकडे, मग माझ्याकडे, मग पाण्याकडे. तिचा चेहरा कसा पांढरा पडला ते मला एवढ्या लांबूनही दिसलं. ती उठली तसे सगळे पक्षी एकदम उडाले आणि तिच्या डोक्यावर घिरट्या घालत किंचाळायला लागले. कॅमेऱ्याची पिशवी छातीशी धरून ती पाण्यात उतरली. आता तिथं घोट्याएवढं पाणी नव्हतं, मांडीच्या वर होतं, आणि त्याला ओढ होती. चार पावलांवर ती डगमगली. मी पाण्यात कधी उतरले ते मला ठाऊक नाही. कमरेला गार लागलं तेव्हा कळलं, पण मागं फिरायची बुद्धी झाली नाही. आणि मागून आवाज आला, "बाई, थांबा! कासरा धरा, कासरा!"

गयाबाई होती. बैलाचा लांब कासरा तिनं काठावरच्या बाभळीला अडकवून माझ्याकडे फेकला होता. मी तो मनगटाला वेढून घेतला आणि पुढं सरकले. अनघाची बोटं हाताला लागली, मग मनगट लागलं. गयाबाई काठावर पाय रोवून ओढत होती आणि आम्हाला शिव्या घालत होती, "पाय उचलू नका, घासत या, घासत! काय बाया हायेत, लेकरासारख्या खेळायलात!" काठाला लागलो तशा आम्ही तिघी चिखलात बसलो. अनघाच्या पिशवीत कॅमेऱ्याशेजारी तो नारळ होता. पळताना तिनं तो उचलून आणला होता. थोड्या वेळानं सुधाकर आला आणि हातात दुधाची पिशवी धरून तसाच उभा राहिला. गावात त्याला कळलं होतं. आदल्या संध्याकाळीच तिथल्या भोंग्यावरून सांगितलं होतं की वरून पाणी सोडणार आहेत, पण आम्ही तेव्हा इकडे टरबूज खात होतो. त्याला रडू आवरेना.

गयाबाई त्या वेळी तिथं येणारच नव्हती. पाणी यायचं म्हणून ती आपली पाण्याची मोटर वर ओढायला कासरा घेऊन निघाली होती, आणि मोटर वळणाच्या पलीकडे आहे. "दादा गावात दिसले, म्हनलं तुमाला कळलं असंल," ती म्हणाली. "पर बाई, तुमी असं वरडायलाव, असं वरडायलाव, मला वाटलं कुनाला इच्चू चावला. म्हनून वळले." हे ऐकलं आणि मी अनघाला पोटाशी धरून रडले. जिच्यासाठी मी घसा फोडला तिला त्यातलं अक्षर ऐकू गेलं नव्हतं. जिला मी हाकच मारली नव्हती तिला ऐकू गेलं आणि ती मोटर सोडून आली. दवाखान्याच्या बाकड्यावर मारलेल्या माझ्या हाका कुठं गेल्या असतील, असं मी वर्षानुवर्षं कडूपणानं विचारत आले. त्या दिवशी पहिल्यांदाच वाटलं, गेल्या असतील कुठंतरी. मला पत्ता माहीत नाही एवढंच.

मी गयाबाईला विचारलं, ही ओटी कुणाची असेल? ती म्हणाली, वळणाच्या वरच्या गावातल्या बाया पहाटेपासून भरायल्या असतील, कुणाची म्हणून सांगायचं? बाकीच्या ओट्या गेल्या पलीकडच्या धारेनं. "तुमच्यापातुर आली न्हवं? मग ती तुमचीच," असं म्हणून ती मोटर बघायला गेली. मोटर बुडाली होती. पुढं सुधाकरनं माणसं नेऊन ती काढून दिली.

एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती न सांगता गेले तर हे लिहिणं खोटं ठरेल. आम्ही काठावर बसलेलो असताना बेट हळूहळू पाण्याखाली गेलं. सुरयांची अंडी त्या वाळूत होती. पक्षी बराच वेळ त्याच जागेवर घिरट्या घालत राहिले. अनघानं मशीन कानात घातलं नाही. तिला त्यांचं ओरडणं ऐकायचं नव्हतं. तिनं माझ्याकडे वळून विचारलं, शब्द सुटे सुटे करून, "तुझ्या गंगेनं मला वाचवलं. मग त्यांना का नाही?" नारळ आणणारं पाणी आणि अंडी नेणारं पाणी एकच होतं. मी फक्त तिच्या पाठीवर हात ठेवला. आधी असला प्रश्न मनात आला की मी देवाशी अबोला धरायचे. या वेळी प्रश्न तसाच राहिला, अबोला मात्र धरवला नाही.

पाणी ओसरल्यावर काही आठवड्यांनी सुधाकरचा फोन आला, बेट उघडं पडलंय. आम्ही पुन्हा सायकली काढल्या. या खेपेला गावात भोंग्यावर काय सांगितलंय ते आधी विचारून घेतलं, आणि आत्याबाईंनाही टेम्पोत घालून आणलं. गयाबाईनं त्यांच्यासाठी बाभळीखाली पोतं अंथरलं. दोघींचं असं जुळलं की आम्हाला कुणी विचारीना. मी ओटी आणली होती, आणि अलीकडच्या पट्टीतलं पाणी या खेपेला बारीक वाहत होतं. खण मीच निवडला होता, हिरवा, पिवळ्या काठाचा. पहिला नारळ काही मी आणला नव्हता. तो अनघाच्या टेबलावर आहे, तो फोडायचा नाही आणि द्यायचाही नाही असं तिनं बजावलंय. आत्याबाई म्हणाल्या, "काय मागायचं ते मागून घे, बाई." मी विचार केला. मागायला मी काही आणलंच नव्हतं. एवढंच मनात आलं की खाली कुठंतरी कुणी बाई काठावर उभी असेल, तिच्या हाताला हा लागो.

अनघा मशीन काढून, डबी माझ्या हातात देऊन बेटाकडे निघाली होती. पलीकडे सुरय पुन्हा वाळूवर बसले होते. त्यांनी पुन्हा अंडी घातली होती, त्याच वाळूत, तशीच उघडी. ती पाण्यात उतरली, पाणी तिच्या घोट्याशी आलं. तिची पाठ माझ्याकडे होती. मी ओटी पाण्यात सोडली, हात जोडले आणि डोळे मिटले.